कुंडात उतरण्याआधी

अकलोलीला तानसा नदीच्या काठावर गरम पाण्याची कुंडं आहेत. शेजारी रामेश्वराचं देऊळ, जवळच वज्रेश्वरी, थोडं पुढे गणेशपुरी. मुंबई-ठाण्याकडून येणारा नवखा माणूस इथे दोनपैकी एक चूक हमखास करतो. एक तर काठावर बसून अंगठा बुडवतो, चटका बसला की पाय ओढून घेतो आणि ‘फारच गरम आहे बुवा’ म्हणत देवळाकडे वळतो. नाही तर सोबतच्यांच्या देखत शूरपणा म्हणून थेट आत उतरतो आणि लालबुंद होऊन बाहेर येतो. सरावलेला माणूस आधी हात घालून बघतो, तांब्याभर पाणी पायांवर ओततो, सोसतंय असं वाटलं तर एकेक पायरी उतरतो आणि थोड्याच वेळात बाहेर येऊन सावलीत बसतो. स्वतःच्या मनातल्या अंधाराशी वागण्याची रीत याहून फारशी वेगळी नाही, आणि हा लेख त्या रीतीबद्दल आहे.

तो विशेषतः अशा वाचकांसाठी आहे, ज्यांनी नामस्मरण, ध्यान, पारायण यांपैकी काहीतरी मनापासून सुरू केलं आणि सहा महिन्यांनी जे दिसलं त्याने ते दचकले. राग कमी व्हायचा तो वाढल्यासारखा वाटतो. भावाबद्दलची जुनी असूया, वाटणीच्या वेळचा एखादा शब्द, विसरली असं वाटलेली भीती नेमकी माळ हातात घेतल्यावर वर येते. ‘एवढं करून उपयोग काय झाला’ हा प्रश्न मग पाटापाशीच येऊन बसतो. कुणी साधना सोडून देतं, कुणी दुप्पट नेटाने करायला लागतं आणि वर आलेलं पुन्हा खाली दाबतं. माझं म्हणणं असं की या टप्प्यावर बहुतेकांची साधना चुकलेली नसते, हिशेब चुकलेला असतो. दिवसभराच्या धबडग्यात जे ऐकू येत नव्हतं ते शांत बसल्यावर ऐकू येऊ लागलं, एवढाच त्याचा अर्थ. घरातला नळ रात्री टपकतो असं आपल्याला वाटतं. तो दिवसाही टपकतच असतो.

अकलोलीच्या पाण्याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात आणि दोन्ही इथे उपयोगी आहेत. लोककथा सांगते की वज्रेश्वरी देवीने या परिसरातल्या दैत्यांचा संहार केला आणि हे ऊन पाणी म्हणजे त्या दैत्यांचं रक्त. भूशास्त्र सांगतं की पावसाचं पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून खोल झिरपतं, खाली जाताना किलोमीटरमागे साधारण २५ ते ३० अंशांनी तापत जातं आणि वाट सापडली की वर येतं. यात ज्वालामुखीचा काही संबंध नाही. सह्याद्रीचा हा कातळ ज्या लाव्हारसातून झाला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्याची धग केव्हाच निवली. म्हणजे पाण्यातली ऊब खोलवर गेल्याने आलेली आहे. आणि लोककथेत तर याहून धीट विचार आहे: ज्या रक्ताची भीती वाटावी, त्यातच माणसं पिढ्यान्‌पिढ्या सांधे शेकायला उतरत आली. दैत्य मारले गेले, पण त्यांचं जे उरलं ते पुरून टाकलं नाही, त्याला घाट बांधला. भिण्याजोग्या गोष्टीला घाट बांधणं म्हणजे काय, हे पुढच्या सगळ्या मुद्द्यांमागचं सूत्र आहे.

आता पुरावा याच पंचक्रोशीतला घेऊ. गणेशपुरीला भगवान नित्यानंदांनी आयुष्याची अखेरची काही दशकं काढली. ८ ऑगस्ट १९६१ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांचे शिष्य स्वामी मुक्तानंद यांना त्यांच्याकडून दीक्षा मिळाली ती १५ ऑगस्ट १९४७ रोजी. पुढे काय झालं ते मुक्तानंदांनी ‘चित्शक्तिविलास’ या आत्मकथनपर ग्रंथात सांगितलं आहे. दीक्षेनंतर सुख आणि शांती यांचा वर्षाव होईल अशी कुणाचीही अपेक्षा असते, आणि सुरुवातीला तसं झालंही. पण नंतर सुकी इथल्या कुटीत त्यांना सगळीकडे आग लागल्यासारखं दिसू लागलं, शरीर ताब्यात राहिना, आपण वेडे होणार अशी भीती बसली. पुढे कामवासना इतकी उसळली की संन्यासी म्हणून तोंड दाखवायची लाज वाटून ते सगळं सोडून निघाले. त्यांना आधार मिळाला तो एका ग्रंथात याच अवस्थांचं वर्णन वाचल्यावर. इथे थोडं थांबून बघण्यासारखं आहे: वाचल्याने अवस्था नाहीशी झाली नाही, पण तिला नाव मिळालं, ही वाटेवरची जागा आहे हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. त्याच ग्रंथात ध्यानात दिसणाऱ्या प्रकाशांचा क्रम आहे: आधी लाल, मग पांढरा, मग काळा, मग निळा. पांढऱ्यानंतर काळा येतो आणि तो पांढऱ्याहून आतला मानला आहे. हे अनुभव शब्दशः खरे मानावेत की रूपक म्हणून घ्यावेत, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते एवढंच की या नकाशात काळ्या रंगाला वाटेवरची जागा दिली आहे. त्याला वाटेबाहेर हाकललेलं नाही.

‘हा एका संन्याशाचा अनुभव झाला, आमच्या वारकरी घरात असलं काही नाही,’ असं म्हणायला वाव नाही. इसवी सन १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात तुकोबांनी पत्नी गमावली, मूल गमावलं, व्यापार बुडाला, लोकांत पत गेली. हे त्यांनी स्वतःच अभंगांत सांगितलं आहे. पण त्याहून जास्त जागा घेतात ते स्वतःच्या मनाचे दोष उघडे करणारे अभंग: लोभ, दांभिकता, चंचलपणा, देवाबद्दलचा रुसवा आणि थेट संशयसुद्धा. संत म्हणून मिरवायचं असतं तर हे लपवता आलं असतं. ज्ञानेश्वरांबद्दलची परंपरेतली गोष्ट आणखी नाजूक आहे. लोकांच्या बोलण्याने दुखावून ते ताटी लावून आत बसले आणि धाकट्या मुक्ताईला बाहेरून समजूत घालावी लागली; ताटीचे अभंग ते हेच. ज्याला माउली म्हणायचं त्याच्या आयुष्यातला दार लावून बसण्याचा दिवस वारकऱ्यांनी पुसून टाकला नाही, उलट गाण्यासाठी ठेवला. गीतेच्या पहिल्या अध्यायाचं नावही बघा. अर्जुनाचे हात कापतायत, धनुष्य गळतंय, आणि त्या अध्यायाला म्हणतात अर्जुनविषादयोग. विषादाला योग म्हणण्याचं धाडस ज्या परंपरेत आहे, तिच्यात वाढलेल्या माणसाने उदास दिवसाची लाज वाटून घ्यावी, हे अजबच म्हणायचं.

यावर पहिला आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप असा, की हेच संत षड्रिपूंशी युद्धाची भाषा करतात. मग स्वीकार कुठून आला? आक्षेप खरा आहे, संतांची भाषा लढाईची आहेच. पण लढाई कुणाशी होते? जो समोर दिसतो त्याच्याशी. मनाचे दोष रोज मोजून, नावाने हाक मारून सांगणारा माणूस त्यांना नाकारत नसतो. नाकारणारा असं म्हणतो की माझ्यात राग नाहीच, मला फक्त अन्याय सहन होत नाही. समर्थांनी मनाला उपदेश करणारे २०५ श्लोक लिहिले, त्यात कान धरून सांगणं भरपूर आहे. पण त्या मनाला पहिल्यापासून संबोधन आहे ते सज्जन असं. ज्याला सुधारायचं त्याला आधी सज्जन म्हणायचं, ही साधी व्यवहाराची रीत आहे, घरातल्या मुलांच्या बाबतीत आपण ती पाळतो आणि स्वतःच्या बाबतीत विसरतो. दडपण्याने काय होतं हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली एका साध्या प्रयोगाने दाखवलं. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असं विद्यार्थ्यांना सांगितलं. ते अस्वल पुन्हा पुन्हा आलंच, आणि नंतर विचार करायची मोकळीक दिल्यावर तर, ज्यांना आधी मनाई केली नव्हती त्यांच्यापेक्षा जास्त आलं. जप करताना ‘वाईट विचार येऊ नयेत’ हा दुसरा जप जो मनातल्या मनात चालू ठेवतो, त्याने हे अस्वल लक्षात ठेवावं.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: स्वीकाराच्या नावाखाली मोकाट सुटायची सोय होणार. ‘माझ्यातला अंधार मी स्वीकारला आहे’ असं म्हणत माणूस बायकोवर ओरडत राहील, व्यवहारात लबाडी करत राहील. हा धोका खराच आहे आणि तो टाळण्याची रेघ स्पष्ट आखली पाहिजे. मनात जे उगवतं त्याचा स्वीकार. हातून जे घडतं त्याची जबाबदारी. राग आला हे बघायचं, मान्य करायचं, आणि हात उगारायचा नाही. हात उगारला गेलाच तर तो ‘अंधार’ नव्हे, ती चूक. तिची माफी मागायची आणि भरपाई करायची. गुरूलाही हीच रेघ लागू आहे. मुक्तानंदांच्या निधनानंतर १९८३ साली अमेरिकेतल्या एका नियतकालिकाने त्यांच्यावर माजी शिष्यांनी केलेले लैंगिक गैरवर्तनाचे गंभीर आरोप छापले. अनेक भक्तांना ते मान्य नाहीत, तो वाद मिटलेला नाही आणि इथे त्याचा निवाडा करायचा नाही. पण ज्यांच्या ग्रंथातून मी वर पुरावा घेतला त्यांच्याबद्दलचीच ही गोष्ट झाकून ठेवली, तर लेखाचा आधारच जातो. कुठल्याही आश्रमात, मठात, बैठकीत ‘गुरूंची लीला’ किंवा ‘तुझ्याच मनातला मळ’ असं सांगून कुणाचा त्रास गप्प केला जात असेल, तर तिथून उठून बाहेर पडावं, विश्वासातल्या माणसाला सांगावं, गरज असेल तर पोलिसांत जावं. दुसऱ्याने केलेला अन्याय पचवण्याला आत्मस्वीकार म्हणत नाहीत. चोखोबांनी देवाच्या दारात उभं राहून आपल्या वाट्याच्या विटाळाबद्दल जाब विचारला, आणि ते त्यांच्या भक्तीतच मोजलं जातं.

या रेघेचं एक लौकिक उदाहरण अकलोलीच्याच तालुक्यात आहे. अध्यात्माच्या लेखात ते जरा आडवाटेचं वाटेल, पण अंधाराशी रोजचा व्यवहार कसा ठेवायचा हे त्याच्याइतकं नेमकं मला दुसरीकडे दिसलं नाही. यंत्रमागांच्या भिवंडी शहरात मे १९७० मध्ये आणि पुन्हा मे १९८४ मध्ये मोठ्या दंगली झाल्या. पुढे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. एकाच वस्तीतले हिंदू आणि मुसलमान, त्यात मागवाले, कामगार, दुकानदार, आणि सोबत त्या भागातला पोलीस, असे सगळे नियमाने एकत्र बसायचे. दंगल पेटल्यावर शांतता समितीची बैठक बोलावण्याची जुनी पद्धत होती. इथे काही घडलेलं नसतानाही बैठक व्हायची. नळ, गटार, भांडणं, अफवा, एकमेकांबद्दलचे संशय, सगळं किरकोळ असतानाच बाहेर निघायचं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा दंगलींसाठी ओळखलं जाणारं भिवंडी शांत राहिलं. त्या शहराने ‘आमच्यात द्वेष नाही’ अशी पाटी लावली नव्हती. द्वेष आहे हे धरून चाललं होतं, म्हणून त्याच्यासाठी वेळ आणि जागा ठरवली होती.

मनाचीही अशी मोहल्ला समिती नेमता येते. आठवड्यातला एक ठरावीक वार आणि वीस मिनिटं घ्या. साधनेची वेळ त्यातून वेगळी ठेवा. एक वही घ्या आणि त्या आठवड्यात मनात आलेली, कुणाला सांगावीशी न वाटलेली गोष्ट साध्या शब्दांत लिहा. ‘मला मत्सर वाटला’ एवढ्यावर भागत नाही. ‘जावेच्या मुलाला नोकरी लागली हे ऐकून मला वाईट वाटलं आणि पेढा घशाखाली उतरला नाही’ असं लिहा. मोठे संस्कृत शब्द इथे लपायला फार सोयीचे पडतात, म्हणून ते टाळा. लिहून झालं की त्याच्याखाली एकच ओळ: यावरून मी काय केलं, किंवा करायचं टाळलं. बाकी विश्लेषण नको, लहानपणापर्यंत खणत जायला नको, स्वतःला शिव्या तर मुळीच नकोत. स्वतःला पापी म्हणून झोडपण्यातही एक छुपा अहंकार असतो, ‘माझ्याइतका पापी कुणी नाही’ म्हणण्यात पहिला नंबर मिळतोच. वीस मिनिटं झाली की वही बंद करून उठा, हातपाय धुवा, कामाला लागा. कुंडात जास्त वेळ बसलं की चक्कर येते, इथेही तसंच. आणि ध्यानाच्या वेळी हेच विचार आले तर त्यांना एवढंच सांगायचं की तुमचा वार ठरलेला आहे. वेळ खरोखर दिलेली असली की मन हे बऱ्यापैकी ऐकतं. न दिलेली असली तर ऐकत नाही, आणि ते बरोबरच आहे.

दुसरं, निदान एक माणूस असा ठेवा ज्याच्यासमोर तुम्हाला चांगलं दिसायचं नाही. गुरू असेलच असं नाही. जुनी मैत्रीण, मावशी, ऑफिसातला शांत डोक्याचा सहकारी, कुणीही चालेल. ताटी आतून लावलेली असते, पण उघडायला बाहेरून कुणीतरी हाक मारावी लागते. सत्संगाची मंडळी या कामाला बहुधा उपयोगी पडत नाहीत, कारण तिथे आपली ‘साधक’ म्हणून ओळख झालेली असते आणि ती सांभाळण्यातच निम्मी शक्ती जाते.

इथे एक गंभीर मुद्दा येतो आणि त्यात गोलमाल चालणार नाही. प्रत्येक अंधार हा वाटेवरचा टप्पा नसतो, काही अंधार आजार असतो. मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की त्यांनी कित्येक दशकं देवाच्या अनुपस्थितीची जाणीव सोसली, पण त्या काळातही त्यांचं काम, दिनचर्या, माणसांशी वागणं चालू होतं. हा फरक कसोटी म्हणून वापरता येतो. दोन-तीन आठवडे झोप लागत नाही, जेवण जात नाही, नेहमीची कामं होत नाहीत असं असेल; किंवा आवाज ऐकू येतात, आपण कुणी विशेष अवतार आहोत असं वाटू लागलं आहे किंवा जगूच नये असा विचार येतो, तर साधना थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. ध्यानाने नेहमी बरंच वाटतं ही समजूत संशोधनालाही मान्य नाही. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१७ मध्ये साठ ध्यानसाधकांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात भीती, निद्रानाश, भावना बधिर होणं असे अनुभव सविस्तर नोंदले आहेत, आणि काहींना ते दीर्घकाळ त्रासदायक झाले होते. इगतपुरीच्या धम्मगिरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराचा अर्ज भरताना मानसिक आजाराबद्दल विचारतात ते उगाच नाही. तिथे खरं लिहावं. गोळी घेतल्याने साधना बाटते असं कुणी सांगितलं, तर त्याला मधुमेहाच्या गोळीबद्दल काय म्हणणं आहे ते विचारा.

आतापर्यंत अंधाराबद्दलच बोललो, कारण तिकडे पाठ फिरवायची सवय मोठी आहे. पण उजेड स्वीकारणंही वाटतं तितकं सोपं नाही, आणि माझ्या मते त्यातच जास्त माणसं अडकतात. अंधारात अडकलेल्याला निदान आपण अडकलोय हे कळतं. गीतेचा चौदावा अध्याय सत्त्वगुणाबद्दल सावध करतो: तो निर्मळ आहे, प्रकाश देणारा आहे, आणि तरीही सुखाची आणि ज्ञानाची आसक्ती लावून तोही बांधतोच. एक दिवस ध्यान सुंदर लागतं. मग दुसऱ्या दिवशी ध्यानाला बसायचं म्हणून कुणी बसत नाही, कालचं परत मिळावं म्हणून बसतो. ते मिळत नाही तेव्हा जी चिडचिड होते तिला आपण ‘अंधार आला’ म्हणतो. खरं तर ती उजेडाची उधारी आहे. विपश्यनेत सुखद आणि दुःखद दोन्ही संवेदनांकडे सारख्याच समतेने बघायला शिकवतात, यातलं ‘दुःखद’ लोकांना पटकन कळतं, ‘सुखद’ वर्षानुवर्षं कळत नाही. याच्या उलटाही एक प्रकार आहे, विशेषतः बायकांमध्ये आणि घरातल्या थोरल्यांमध्ये तो दिसतो. आनंद झाला की त्यांना अपराधी वाटतं. घरात आजारपण असताना मला भजनात इतकं बरं का वाटलं, असा तो प्रश्न. बरं वाटलं कारण ते बरं वाटण्यासारखं होतं. त्याला दुसरं कारण लागत नाही आणि त्याचा हप्ता उद्याच्या दुःखाने फेडायचा नसतो. म्हणून वहीत आनंदाच्या गोष्टीही तितक्याच नेमकेपणाने लिहा, ‘प्रसन्न वाटलं’ असं मोघम न लिहिता. आणि त्याही खाली तीच एक ओळ: यावरून मी काय केलं. सुंदर ध्यानानंतर तासाभराने मोलकरणीवर खेकसलो असेन तर ते तिथे आलं पाहिजे.

उजेड आणि अंधार सारखेच आहेत, दोन्ही माया, असं म्हणून या सगळ्यातून सुटका करून घेणारा एक वर्ग आहे. त्यांचं तत्त्वज्ञान कदाचित उंचावरचं असेल, पण व्यवहारात ते बहुतेक वेळा नाकारण्याचंच सुधारित रूप असतं. दुखऱ्या गोष्टीवरून अध्यात्माचा पूल बांधून पलीकडे जायचं, खाली बघायचंच नाही. जॉन वेलवुड या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात या पळवाटेला नाव दिलं आणि ते जगभर रुळलं. पण आपल्याकडे नावाची वाट न पाहता एक उतारा आधीपासून आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाच्या वेळी कोकणात तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडतात आणि त्याचा कडू रस जिभेला लावतात. कारीट म्हणजे नरकासुर. त्याला नुसतं चिरडून भागत नाही, त्याची चव घ्यावी लागते. फराळाचं ताट त्यानंतर. आणि कडू आणि गोड दोन्ही माया म्हणून कुणी कारीट आणि करंजी एकत्र कालवत नाही. क्रम असतो, प्रमाण असतं. कारटाचा थेंब, फराळाचं ताट. रोजच्या साधनेतही प्रमाण साधारण असंच असू द्यावं. आठवड्याला वीस मिनिटं कडूसाठी पुष्कळ झाली, बाकीचा वेळ नामाला, कामाला, माणसांना. ज्यांना अंधाराच्या अभ्यासाचंच वेड लागतं, स्वतःच्या जखमांखेरीज दुसरं काही बोलवत नाही, त्यांनी प्रमाण बिघडलं आहे हे ओळखावं.

प्रगती होते आहे की नाही हे कसं ओळखायचं, हा शेवटचा प्रश्न. दिसलेल्या प्रकाशांवरून आणि आलेल्या आसवांवरून ओळखू नये. दोन्हीची आवकजावक आपल्या हातात नाही. वर्षभरापूर्वी राग आल्यापासून तो ओळखेपर्यंत दोन दिवस जात होते, आता दोन तास जातात का? माफी मागायला जीभ पूर्वीपेक्षा लवकर वळते का? दुसऱ्याच्या दोषाची गोष्ट ऐकताना ‘हे माझ्यातही आहे’ असं कधी वाटून जातं का? पसायदानात ज्ञानेश्वरांनी दुर्जनांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातला वाकडेपणा गळून पडावा एवढंच मागितलं. आपल्या आतल्या दुर्जनाबद्दलही मागणं तेवढंच ठेवलं तर हे प्रश्न स्वतःला विचारताना घसा कोरडा पडत नाही.

या प्रश्नांसाठी वही महिन्यातून दोनदा उलटून बघावी, एकदा पौर्णिमेला, एकदा अमावास्येला. अमावास्या अशुभ म्हणून काही चांगलं करू नये असं वाटणाऱ्यांना सांगायला हरकत नाही की वज्रेश्वरीची मोठी जत्रा चैत्र अमावास्येलाच भरते आणि लक्ष्मीपूजनही आपण अमावास्येलाच करतो. पौर्णिमेला शक्यतो कडू नोंदी वाचाव्यात आणि अमावास्येला आनंदाच्या. उलट केलं तर मन ज्या बाजूला आधीच झुकलं आहे तिकडेच आणखी कलतं. वर्ष झाल्यावर जुनी वही जपायची की जाळायची हे आपलं आपण ठरवावं. मात्र ती चालू असेपर्यंत कपाटाला कुलूप लावावं आणि घरच्यांना सरळ सांगावं, की ती वाचू नका, त्यात तुमच्याबद्दलही आहे.